सुडाचा खण

३ मार्च

संपादक महाशय, आणि नात्याने मेहुणे,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. तुमची खुशाली मला वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून कळत असते, तेव्हा ती जागा वाया न घालवता इथे एक यादी देतो. मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू:

पुस्तकं दाबायचं लाकडी यंत्र, दोन मळसूत्रांचं, एका पाडलेल्या घराच्या चौकटींतून काढलेलं. एकोणीस वर्षं रोज चालू आहे. पुस्तक शिवायच्या दोन चौकटी. कागदाची घडी घोटायची हाडाची पट्टी. दुकानाची पाटी, अक्षरांसकट. सहा हजारांच्या वर पुस्तकांच्या बांधण्या. त्यांपैकी तक्रार होऊन परत आल्या चार, आणि चारही वेळा चूक गिऱ्हाइकाची होती. बायकोच्या शिवणयंत्राचं झाकण. अठ्ठेचाळीस खणांचं कपाट, ज्याचा एकही खण ओढताना अडत नाही. आणि त्या खणांतली अकरा हजार चारशे कार्डं, पाच बाय तीन इंच, छापखान्याच्या कागदाच्या उरलेल्या कडा कापून केलेली. प्रत्येकावर एक शब्द, तो कसा वापरतात ते, आणि एक वाक्य. वाक्य खऱ्या घटनेतलं. बनवलेलं वाक्य मी कार्डावर चढवत नाही. बनवलेल्या वाक्यात शब्द पाहुण्यासारखा बसतो, पाय जवळ घेऊन.

शिक्षण आठवी. हे काही मी हाताने केलेलं नाही, पण माझी ओळख करून देताना तुम्ही ते कधी विसरत नाही, म्हणून यादीतून सुटायला नको.

आता कामाचं. गेल्या मंगळवारी एका शाळेने दुरुस्तीला पाच पुस्तकं पाठवली. त्यांत तुम्ही संपादित केलेला शब्दकोश होता. छापून चौदा महिने झालेत आणि पाठ निघून हातात आली. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले नाहीत, नुसते डिंकावर उभे केलेत. बाराशे पानांचं पुस्तक डिंकावर उभं करणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर त्याला खात्री असते की हे कोणी उघडणार नाही. तुम्ही अडाणी नाही, असं तुमच्या नावापुढच्या अक्षरांवरून दिसतं.

पानं सुटी झालीच होती, म्हणून 'सूड' काढून पाहिला. 'सूड: बदला.' बरं. 'बदला' काढला. 'बदला: सूड.' विचारायला आलेला माणूस दोन खिडक्यांच्या मधे उभा, आणि दोन्ही खिडक्यांवर पाटी: शेजारी चौकशी करा. अर्थाच्या बाबतीत तुमच्या संस्थेचं काम इथे संपतं. पण अर्थाखाली तिरप्या अक्षरांत एक वाक्य होतं. 'ज्या मास्तरांनी त्याला नापास केले होते, त्यांचे हस्तलिखित त्याने वीस वर्षांनी नाकारले. सूड असा सावकाश उगवतो.'

हे वाक्य माझं आहे. सतरा नंबरचं कार्ड. त्यातला 'सावकाश' मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवला होता.

मग दुकान बंद केलं आणि उरलेलं पुस्तक तपासलं. अशी माझी एक्केचाळीस वाक्यं सापडली. सगळी एकाच खणातली, सुडाच्या. हा खण तुमच्याकडे कसा आला हे तुम्ही विसरला असाल. माझी कार्डं अक्षरांप्रमाणे नाहीत, अर्थाप्रमाणे लावलेली आहेत. रागाचा खण वेगळा, लाजेचा वेगळा, उसनवारीचा वेगळा. दोन वर्षांपूर्वी धाकटी आली. माझी बहीण, तुमची बायको. आई गेल्यावर ती माझ्याकडे पहिल्यांदाच येत होती. म्हणाली, "दादा, एक खण दे. नमुना म्हणून. हे बघतील, संस्थेत बोलतील, तुझं नाव लागेल. किती दिवस दोघं तोंडं फिरवून बसणार?"

मी बाविसावा खण दिला, सूड आणि त्याचं खानदान. तिने तो मांडीवर घेऊन नेला. चार महिन्यांनी परत आला, 'संस्थेच्या उपयोगाचे नाही' अशा चिठ्ठीसकट. कार्डं सगळी जागच्या जागी होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तुमच्या टंकलेखिकेने पेन्सिलीने बारीक खूण केली होती. तेव्हा मला वाटलं, बाई व्यवस्थित आहेत, नाकारण्याआधी वाचतात.

माझं मागणं एकच. दुसरी आवृत्ती निघते आहे असं ऐकतो. तिच्या पहिल्या पानावर माझं नाव, तुमच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत. पैसे नकोत.

शाळेची प्रत शिवून दिली आहे. आता टिकेल.

तुमचा मेहुणा


१९ मार्च

संपादक महाशय,

तुमचं तीन ओळींचं उत्तर मिळालं. 'उदाहरणादाखल दिलेली वाक्ये लोकभाषेतील असून त्यांवर कोणा एकाची मालकी संभवत नाही.' 'संभवत नाही' छान आहे. हात झटकताना बांगड्या वाजू नयेत म्हणून वापरायचा शब्द.

लोकभाषा म्हणता, तर या लोकांशी तुमची ओळख करून देतो, कारण तुमच्या कोशात ते सगळे एकमेकांचे कपडे घालून उभे आहेत.

बदला हा बाजारातला शब्द. घेतलं तेवढं दिलं, विषय संपला. म्हणून बदला घेणारी माणसं नंतर एका टेबलावर चहा पिऊ शकतात. सूड घेतातही, पण खरा सूड उगवतात. त्याला वेळ लागतो, आणि जमिनीखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. बदला उगवला असं आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि मी ऐकत बसण्यात तीस वर्षं घालवली आहेत. वचपा काढतात तो झालेल्या हानीचा किंवा हरण्याचा. तो उघड्यावर काढायचा असतो, चार माणसांना दिसेल असा. हरलेला संघ पुढच्या वर्षी वचपा काढतो तेव्हा टाळ्या पडतात. वचप्यात लाज नाही. डूख नुसता धरतात. डूख धरलेला माणूस वर्षानुवर्षं काहीच करत नाही, फक्त विसरत नाही. अद्दल घडवणारा नेहमी समोरच्याच्या भल्यासाठी घडवत असतो, त्यालाच विचारा. खुन्नस डोळ्यांनी देतात आणि बहुतेक वेळा रस्ता ओलांडेपर्यंत टिकते. प्रतिशोध कोणीच घेत नाही, तो नाटकाच्या जाहिरातीत घेतात. तुम्ही त्याला अर्धं पान दिलं आहे. उट्ट्यांबद्दल पुन्हा केव्हातरी.

आता वाक्यांकडे येतो. जरा बसून वाचा.

सतरा नंबरचे मास्तर कोण, हे तुम्हाला कळायला हवं होतं. त्यांचं हस्तलिखित तुमच्याच टेबलावरून परत गेलं. ते माझ्याकडे बांधायला घेऊन आले होते, एकच प्रत, स्वतःसाठी. मी चामड्यात बांधून दिलं. मग 'डूख' पाहा: 'सभेत त्याचे नाव चौथे घेतले गेले, तेव्हापासून त्याने चिटणिसावर डूख धरला.' ती सभा तुमची, चौथं नाव तुमचं. 'अद्दल' पाहा: 'बायको भावाकडे ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिली, म्हणून अद्दल घडवायला त्याने महिनाभर तिच्याशी अबोला धरला.' हे कोणाबद्दल आहे ते सांगायला कोश लागत नाही.

एक्केचाळीसपैकी बारा वाक्यांतला 'तो' म्हणजे तुम्ही, मेहुणे. धाकटीने नमुन्याचा खण मागितला तेव्हा मी फुलांचा देऊ शकत होतो, भांड्यांचा देऊ शकत होतो. मुद्दाम हा दिला. तुम्ही वाचाल आणि तुमचा चेहरा एकदा उतरेल, एवढीच माझी अपेक्षा होती. तुम्ही न वाचता टंकलेखिकेकडे द्याल, ती बिचारी जसंच्या तसं उतरवेल, आणि तुम्ही ते स्वतःच्या नावाखाली छापून शाळाशाळांत वाटाल, इतकी मोठी कल्पनाशक्ती मला नाही. आठवी शिकलेल्या माणसाला असायचीही नाही.

याला कोणी सूड म्हणालं तर मी म्हणू देणार नाही. हे तुमच्या आळसाचं फळ आहे, माझ्या श्रमाचं नव्हे. तुम्ही आईच्या घरी आठ पाहुण्यांसमोर म्हणाला होतात, "आमचे मेहुणे पुठ्ठेवाले. शब्द त्यांना बाहेरून माहीत असतात." सगळे हसले होते. त्या सगळ्यांच्या कपाटात आता तुमचा कोश आहे. त्यांना म्हणावं, आतून वाचा.

मागणी तीच आहे. अक्षरांचा आकार तोच.

तुमचा मेहुणा


६ एप्रिल

संपादक महाशय,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. तुमच्याऐवजी परवा धाकटी आली.

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं ती घरी बसून तपासते हे मला तिच्याकडून कळलं. एका हातात पट्टी, एका हातात पेन्सिल, रोज वीस पानं, फुकट. संस्थेत पगारी तपासनीस दोन आहेत, असं तुमच्याच प्रस्तावनेत छापलंय. त्या दोघांना हे काम झेपत नाही म्हणून नव्हे, तर बायको रजा मागत नाही म्हणून. हे वाक्य मी कार्डावर घालणार आहे. शब्द कुठला ते अजून ठरलं नाही.

ती दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, 'अद्दल' वाचलं."

मी सुई ओवत होतो. म्हटलं, "बरं."

"तो महिना माझा आहे ना रे?"

"शब्दकोशात कोणाचं काही नसतं. ती लोकभाषा असते."

"हे अगदी ह्यांच्यासारखं बोललास." आणि हसली. मग स्टुलावर बसली. म्हणाली, "मी तुला ते सांगितलं होतं म्हणजे तुला सांगितलं होतं. गावाला नव्हे."

माझी बायको आतून बाहेर आली. तिला म्हणाली, "तू एका वाक्यात सुटलीस. या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याचं कार्ड होतं. मला मेल्यावर कोणी रडायला नको, खण उघडून वाचलं तरी पुरे."

धाकटी पुन्हा हसली. म्हणाली, "वहिनी, याचं एक आहे पण. खोटं लिहीत नाही. बाकीचा कोश वाचताना झोप येते, आणि मधेच एक वाक्य येतं की पाठ ताठ होते. मला लगेच कळतं, हे दादाचं."

मी विचारलं, "कुठपर्यंत आलीस?"

"'प' चालू आहे. पण मी ह्यांना सांगून टाकलंय, पहिल्या पानावर दादाचं नाव लागत नाही तोवर मी 'ह' संपवणार नाही. मुद्रणालयवाले बसोत खोळंबून."

तर अशी तुमच्या घरातली बातमी, मेहुणे, जी तुमच्या आधी मला कळली. चौदा वर्षांत तिने तुमच्यापुढे हट्ट धरल्याचं मी ऐकलेलं नाही. जाताना तिने दुकानातल्या खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं, लहानपणापासूनची सवय. म्हणाली, आता येत जाईन. दर शनिवारी येत जाईन.

तुम्ही एकटे पडला आहात. नाव छापा आणि मोकळे व्हा.

तुमचा मेहुणा


१४ एप्रिल

महाशय,

चिठ्ठी मिळाली. 'पान ८११, वचपा, दुसरे वाक्य कृपया वाचावे.' एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

वाचलं. मुद्रणदोष आहे. कुठल्या तरी दुसऱ्या कागदावरची ओळ तिथे शिरली असावी. तुमच्या संस्थेत असं होणं अशक्य नाही. त्याचा माझ्या मागणीशी काही संबंध नाही.


२३ एप्रिल

मेहुणे,

काल तुम्ही दुकानात आलात त्याला हे उत्तर नाही. उत्तराला तुम्ही मला आठ दिवस दिले आहेत आणि मी ते पूर्ण वापरणार. हे फक्त जे झालं ते नीट लिहून ठेवण्यासाठी, कारण तुमची स्मरणशक्ती मला माहीत आहे.

तुम्ही न विचारता स्टुलावर बसलात. त्या स्टुलावर खळ सांडली होती आणि मला ते दिसत होतं. मी सांगितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मागे पांढरा पट्टा होता, आणि तुम्ही तसेच संस्थेत गेला असाल. उट्टे म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते हे. समोरासमोर काही करायची छाती नसते. आपण नुसतं काहीतरी करायचं टाळतो, आणि टाळल्यावर साळसूद चेहऱ्याने सुई ओवत बसतो.

तुम्ही कोश उघडून माझ्यापुढे ठेवलात. पान आठशे अकरा. तुम्ही मोठ्याने वाचलंत, सभेत वाचता तसं: "'हा वचपा नव्हे: मेहुण्याच्या एका शब्दाचे उट्टे काढण्यासाठी त्याने बहिणीला आईच्या दुखण्याचे चौथ्या दिवशी कळवले, ती पोचली तेव्हा आई गेली होती.'"

मी म्हटलं, "मुद्रणदोष आहे."

"मग तिलाच विचारू, आई किती दिवस पडून होत्या ते?"

"अचानक झालं होतं."

तेवढ्यात माझी बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तो तुमच्यापुढे ठेवून मला म्हणाली, "अचानक? सोमवारपासून मी ओरडत होते, धाकटीला फोन कर, धाकटीला फोन कर. तू म्हणालास, त्या पंडिताच्या घरात माझा फोन जाणार नाही." आणि आत गेली. तिला वाटत होतं तुम्हाला सगळं माहीतच आहे. तिची चूक नाही.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बरोबर तरी लिहितो. सोमवारी सकाळी आईने सांगितलं की डावा हात उचलत नाही. डॉक्टर दुपारी आले, म्हणाले, जवळच्या माणसांना बोलवून घ्या. जवळचं माणूस एकच होतं आणि ते तुमच्या घरात होतं. मंगळवारी आईने दोनदा विचारलं, धाकटी येतेय ना. बुधवारी तिला विचारता येत नव्हतं. गुरुवारी सकाळी सात वाजता मी फोन केला. आई साडेसातला गेली, धाकटी पावणेआठला पोचली. चप्पल तिच्या हातात होती, जिन्यावरच काढली असावी. मी म्हटलं, अचानक झालं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. माझं बोलणं ती खरं धरते.

पुढच्या रविवारी मी त्याचं कार्ड केलं. उट्टे या शब्दाला तोवर माझ्याकडे चांगलं वाक्य नव्हतं.

ते छापलं कसं गेलं हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. प्रत्येक वाक्याची मी दोन कार्डं करतो. एक त्या शब्दामागे. दुसरं, ज्या शब्दाशी त्याची गल्लत होते त्याच्यामागे, तुलनेसाठी. ही पद्धत मला कोणी शिकवलेली नाही आणि तुमच्या संस्थेत ती कोणाला सुचलेली नाही. धाकटीला खण देण्याआधी उट्ट्यांमागचं कार्ड मी काढून घेतलं. वचप्यामागचं राहिलं. मार्चमध्ये वाक्यं मोजताना ते मला दिसलं होतं, पण तुम्ही स्वतःचा कोश वाचत नाही या भरवशावर ते एक्केचाळिसांत धरून मी पुढे गेलो. तुम्हाला झोंबणारी बारा कार्डं नीट वर दिसतील अशी लावण्यात मी गुंग होतो. अशी चूक करणारा कारागीर मला दुसऱ्या कोणाच्या दुकानात भेटला असता तर मी त्याला कागद कापायलाही ठेवलं नसतं.

तुम्ही कोश मिटलात आणि म्हणालात, "मी तिला सांगणार नाही. तो माझा स्वभाव नाही."

खरं आहे. तुम्हाला सांगावं लागणारच नाही. ती आता 'म' संपवते आहे. य, र, ल, आणि मग व. तुम्ही फक्त पुढचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवायचा. आणि ती वाचणार, आणि तिची पाठ ताठ होणार, आणि तिला लगेच कळणार हे कोणाचं वाक्य आहे. किंवा तुम्ही तो गठ्ठा तिच्याकडे येण्याआधी बदलायचा. ते कोणत्या अटीवर, हे तुम्ही उठता उठता सांगितलंत, आणि रक्कम दारात सांगितलीत, तिथे आवाज जरा खाली आणून. भाव करताना तुम्हाला अजून लाज वाटते, हा तुमच्यातला एक गुण मी आजवर नोंदला नव्हता.

तुमच्यावर बारा कार्डं आहेत. माझ्यावर एकच आहे. वजनाला ते तुमच्या बाराला भारी पडतं, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायची गरज नाही.


३० एप्रिल

धाकटे,

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. एका गावात राहणाऱ्या बहिणीला पत्र काय लिहायचं. हे वहिनी स्वतः तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत थांबणार नाही. मी तिला तसं सांगितलंय. 'व'चा गठ्ठा उघडण्याआधी वाच. तुझ्या नवऱ्याला मी जवळजवळ दोन महिने पत्रं लिहीत होतो, त्यांच्या नकला सोबत जोडल्या आहेत, तारखेप्रमाणे. त्यांत मी बराच हुशार दिसतो. शेवटचं पत्र आधी वाच.

वाचलंस? आता पुढचं.

पान आठशे अकरावर जे छापलंय ते माझं आहे आणि खरं आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार. तुला 'अचानक झालं' म्हणालो ते खोटं होतं. तू मागे म्हणाली होतीस, दादा खोटं लिहीत नाही. लिहीत नाही. बोललो.

त्या कार्डात मात्र एक चूक आहे आणि ती तू दुरुस्त करावीस, पेन्सिल तुझ्या हातात आहेच. मी लिहिलं, 'मेहुण्याच्या एका शब्दाचे उट्टे'. ते बरोबर नाही. तुझा नवरा मला पुठ्ठेवाला म्हणाला, त्याचं मला काय? त्याच्यासारखी माणसं माझ्या दुकानात रोज येतात, बांधणीतलं ओ की ठो कळत नाही आणि शिवण तपासून बघतात. त्याची किंमत माझ्या लेखी तेव्हाही शून्य होती. पण त्या दिवशी आठ पाहुणे हसले, त्यांच्यामागे दाराला टेकून तू उभी होतीस. तूही हसलीस. फार नाही. पदर तोंडाला लावलास आणि हसलीस. तुझ्या लक्षातही नसेल. माझ्या होतं, सोमवारी होतं, मंगळवारी होतं. ज्या पोरीला पाटीवर अक्षरं मी काढून दिली, तिने हसावं. तर वाक्य असं हवं: 'बहिणीच्या हसण्याचे उट्टे'. ते तुझ्यावरच काढलेलं होतं. मध्ये मेहुणा घातला म्हणजे ऐकायला बरं वाटतं.

क्षुद्रपणा तो क्षुद्रपणाच. मी लोकांच्या क्षुद्रपणाची कार्डं करत आलो, मापात कापून. स्वतःचं केलं ते आडमार्गाने केलं.

'माफ कर' असं एक वाक्य मी इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ते बनवलेलं दिसत होतं. तू शनिवारी आली नाहीस तर मी कारण विचारणार नाही. त्यानंतरच्या शनिवारी आली नाहीस तरी नाही.

तुझ्या नवऱ्याला मी काल उत्तर दिलं. ते तुझ्यासाठी दिलं असं मनात आणू नकोस. मला तेवढं चांगलं ठरवून घ्यायचं नाही. निम्मं कारण असं की ती वाक्यं माझी आहेत आणि मी ती दुसऱ्याच्या नावावर करून देणार नाही, त्यातलं एक माझ्या गळ्याशी आलं तरी. एक्केचाळीस माझी आणि चाळीसच्या खाली सही, असं होत नाही. दुसरं निम्मं कारण मी चार दिवस शोधतोय. एवढं कळलं की पान बदललं असतं तर तू दर शनिवारी येऊन त्याच स्टुलावर बसली असतीस, आणि मी तुला पुन्हा काहीतरी सांगायचं टाळत, सुई ओवत, समोर बसलो असतो. एकदा तीन दिवस टाळलं. आता मरेपर्यंत टाळायचं होतं.

त्याने मला देऊ केलं होतं आणि मी नाकारलं, ते असं. पान आठशे अकराचा फर्मा बदलून मगच तुझ्याकडे येणार होता. पहिल्या आवृत्तीच्या हाती लागतील तेवढ्या प्रती परत घेतल्या जाणार होत्या. ती एक्केचाळीस वाक्यं संस्थेच्या कचेरीत तयार झाली, माझा त्यांच्याशी संबंध नाही, असं मी लिहून द्यायचं होतं, आणि नावाचा हट्ट मीच सोडला असं तुला सांगायचं होतं. आई तीन दिवस तुझी वाट पाहत होती हे तुला जन्मात कळणार नव्हतं. आणि वर साठ हजार.

दादा